रस्ता, शिदोरी आणि थोडा इतिहास

पुण्याहून मामीचा फोन आला की एक प्रश्न ठरलेला. "इटलीचा पिझ्झा, जपानची सुशी, तसं तुमच्या ऑस्ट्रेलियाचं खास काय गं?" आता काय सांगणार? मीट पाय म्हणावं तर तो मूळचा इंग्रजांचा. पाव्हलोवा म्हणावं तर न्यूझीलंडवाले भांडायला उठतात. कांगारूचं मांस म्हणावं तर मामी फोनच ठेवेल. म्हणून हल्ली मी एवढंच सांगते, "मामी, एकदा डिसेंबरात याच. गाडीतून फिरवून आणते, मग तुम्हीच सांगा खास काय ते."

डिसेंबरात अशासाठी, की इथला उन्हाळा तेव्हा. नाताळाच्या आधी शाळा सुटतात त्या जानेवारीअखेर भरतात, आणि सगळा देश गाडीच्या टपावर सामान बांधून समुद्राकडे निघतो. आपल्याकडे मे महिन्यात मामाचं गाव, तसा इथे समुद्रकिनारा. चेरी आणि आंबे बाजारात आलेले असतात. (इथला केन्सिंग्टन प्राइड आंबा क्वीन्सलंडमधल्या बोवन गावाचा, आणि भारताशी घोड्यांचा व्यापार करणाऱ्या जहाजांबरोबर त्याची कोय आली असं सांगतात. हापूसशी तुलना करू नये, पण परदेशात राहिलेल्या भावंडासारखा त्याला जीव लावता येतो.) गावोगावच्या बागांमध्ये सार्वजनिक बार्बेक्यू असतात, म्हणजे विजेवर तापणारा एक मोठा सपाट तवा. बटण दाबायचं आणि भाजायला लागायचं. शेजारचं कुटुंब त्यावर सॉसेज भाजतं आणि आम्ही थालीपीठ लावतो. दोन्हींचा वास एकत्र झाला की समजावं, उन्हाळा लागला.

तर अशा उन्हाळ्यात मेलबर्नहून निघून समुद्राच्या कडेकडेने वॉर्नाम्बूल, पोर्टलंड करत साउथ ऑस्ट्रेलियातल्या रोबपर्यंत जायचं आणि आतल्या बाजूने अॅरारॅट, बॅलरॅटवरून परत यायचं, हा साधारण बाराशे किलोमीटरचा फेरा आम्ही आजवर तीनदा केलाय. पहिल्या वेळी फक्त पाहिलं आणि खाल्लं. मग ज्या गावात जेवलो त्या गावाबद्दल वाचायची सवय लागली, आणि वाचता वाचता एक गोष्ट पुनःपुन्हा समोर यायला लागली. ह्या रस्त्यांवर आपण जे खातो ते ज्यांनी आणलं, पिकवलं, तळलं, त्यांतल्या फार जणांना ह्या देशाने कधी ना कधी सांगितलं होतं, तुम्ही इथे नकोत. आज लिहायचंय ते त्याबद्दल.

सुरुवात टॉर्कीपासून करू. मेलबर्नपासून शंभरेक किलोमीटर. ग्रेट ओशन रोड इथून सुरू होतो आणि आमची पहिली पोटपूजाही इथलीच, कागदात गुंडाळलेले फिश अँड चिप्स. 'फ्लेक' मागितलं की जो मासा मिळतो तो बहुतेक वेळा 'गमी शार्क', म्हणजे आपली मुशीच. बरोबर 'पोटॅटो केक' घ्यायचा. नाव मोठं आणि लक्षण आपल्या बटाट्याच्या भजीचं, फक्त बेसनाऐवजी मैद्याचं पीठ आणि तिखटाचा पत्ता नाही. आम्ही घरून लसणीची चटणी नेतो. आणि तिसरा जिन्नस म्हणजे डिम सिम.

डिम सिम दिसतो ओबडधोबड. कोबी आणि मांसाचं सारण, जाड पारी, मुठीएवढा आकार, तळून किंवा वाफवून. चीनमध्ये जाऊन मागितलात तर कुणाला कळणार नाही, कारण हा जन्माने मेलबर्नचा. विल्यम चेन विंग यंग नावाच्या चिनी गृहस्थांनी १९४५ च्या सुमारास तो कारखान्यात बनवून विकायला सुरुवात केली. नाजूक डिम समला त्यांनी असं दणकट केलं की तो गोठवता यावा, गाडीतून लांब नेता यावा, आणि मासे तळणाऱ्याच्या कढईत सोडता यावा. बघता बघता व्हिक्टोरियातल्या प्रत्येक फिश अँड चिप्सच्या दुकानात तो जाऊन बसला. ही दुकानं तरी कोणाची? पदार्थ इंग्रजांचा, पण कढईपुढे उभे कितीतरी ठिकाणी ग्रीक. म्हणजे इंग्रजी पदार्थ, ग्रीक दुकानदार, चिनी डिम सिम आणि खाणारा स्वतःला अस्सल ऑस्ट्रेलियन म्हणवणारा. पुढे बेंडिगोच्या फ्रँक मॅकेन्रोने चिनी रोल बघून तसाच, पण एका हातात धरून फुटबॉल बघता बघता खाता येईल असा 'चिको रोल' काढला आणि १९५१ साली वॉगा वॉगाच्या कृषी प्रदर्शनात विकायला ठेवला. तोही आता 'आमचा' झालाय.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. १९०१ साली ऑस्ट्रेलियाचं संघराज्य झालं आणि नव्या संसदेने अगदी सुरुवातीला जे कायदे केले त्यांतला एक स्थलांतर रोखण्याचा. त्यात वर्णाचा उल्लेख नव्हता. होती एक श्रुतलेखनाची परीक्षा. अधिकाऱ्याने कुठल्याही युरोपीय भाषेतले पन्नास शब्द सांगायचे आणि येणाऱ्याने ते लिहायचे. भाषा कुठली ते अधिकारी ठरवणार! माणूस इंग्रजीत पास होईलसं वाटलं तर दुसरी भाषा काढायची. ही परीक्षा १९५८ पर्यंत चालू होती आणि गोऱ्या ऑस्ट्रेलियाच्या धोरणाचे उरलेसुरले अवशेष १९७३ साली व्हिटलम सरकारने काढून टाकले. म्हणजे डिम सिम घरोघरी पोचला तेव्हा चिनी माणसाला दार बंदच होतं. १९४९ साली तर, युद्धात आसऱ्याला आलेल्या आणि परत जायला तयार नसलेल्या आशियाई लोकांना घालवण्यासाठी सरकारने खास कायदा केला. शनिवारी संध्याकाळी डिम सिम खाणाऱ्या माणसाला ह्यात काही विसंगती वाटली असेल का? मला नाही वाटत. जिभेचं खातं वेगळं आणि मताचं खातं वेगळं, असं बहुतेकांचं असतं.

असो. रस्त्याकडे वळू.

ग्रेट ओशन रोड म्हणजे टॉर्की ते अॅलन्सफर्ड, २४३ किलोमीटर. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे तीन हजार सैनिकांनी तो १९१९ ते १९३२ ह्या काळात बांधला, आणि जे परतले नाहीत त्यांचं हे स्मारक. कुदळ, फावडं, हातगाडी आणि सुरुंग, एवढ्यावर. आठ तासांची मजुरी साडेदहा शिलिंग. राहायला तंबू, जेवायला सामाईक मांडव आणि स्वयंपाकघर, आणि आठवड्याला जेवणाचे दहा शिलिंगांपर्यंत कापले जात. तळावर पियानो होता, ग्रामोफोन होता, वर्तमानपत्रं येत. १९२४ साली केप पॅटनजवळ 'कसिनो' नावाची बोट खडकावर आदळली. हलकी करण्यासाठी तिने बिअरची पाचशे पिंपं आणि दारूची १२० खोकी समुद्रात सोडली. ती किनाऱ्याला लागली ती नेमकी ह्या मजुरांच्या हाती! पुढचे दोन आठवडे काम बंद होतं म्हणे. :) ह्या रस्त्यावरची सगळ्यात यशस्वी उन्हाळी पार्टी तीच असावी. तेव्हा ह्या रस्त्यावर मोटारीला दोन शिलिंग टोल होता, तो १९३६ साली उठला. आता आपण कमानीखाली फोटो काढतो आणि फुकट पुढे जातो.

ह्या सैनिकांचं आपल्याशी एक नातं आहे, ते फारसं कुणी सांगत नाही. १९१५ साली गॅलिपोलीला ऑस्ट्रेलियन फौजेबरोबर हिंदुस्थानी सैनिकही होते. गुरखे, शीख पलटणी, डोंगरी तोफखाने आणि पाणी-दारूगोळा वर चढवणारे खेचरांचे तांडे. ऑस्ट्रेलियन शिपायांना मिळायची खारवलेल्या गोमांसाचे डबे आणि दगडासारखी बिस्किटं. मग ते हळूच खेचरवाल्यांच्या तळावर जाऊन चपात्या आणि रस्सा खाऊन यायचे, अशा आठवणी आहेत. जखमींना गाढवावरून खाली आणणारा सिम्पसन, ज्याचं नाव इथे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं, तो तर हिंदुस्थानी तोफखान्याच्या लोकांतच राहायचा-जेवायचा. तेव्हा लॉर्नला किनाऱ्यावर बसून आम्ही पोळी-भाजीचा डबा उघडतो तेव्हा काही नवीन करत नाही. त्या रस्त्यावर कुदळ मारणाऱ्यांतल्या कोणा ना कोणाला चपाती ठाऊक असणारच, असं मला आपलं वाटतं.

अपोलो बे, मग जंगलाचा पट्टा, मग ते प्रसिद्ध 'बारा प्रेषित'. (ते बारा कधीच नव्हते आणि २००५ साली त्यांतला एक कोसळला.) तिथल्या गर्दीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. पुढे रस्ता संपतो आणि लगेच वॉर्नाम्बूल लागतं. माझ्या लेखी ह्या फेऱ्यातलं खरं ठिकाण ते. कारण पूरन सिंग.

पूरन सिंग पंजाबातून १८९९ साली ऑस्ट्रेलियात आले. म्हणजे कायद्याचं दार लागायच्या दोन वर्षं आधी. आधी आलेल्यांना राहता येत होतं, पण त्यांच्या मागे मोकळेपणाने कुणाला येता येत नव्हतं. त्यांनी फेरीवाल्याचं काम धरलं. त्या काळी व्हिक्टोरियाच्या खेडोपाडी हिंदुस्थानी फेरीवाले असत, बरेचसे पंजाबी. आधी पाठीवर गाठोडं, मग जमलं तर घोडागाडी. कापड, सुया-दोरे, कंगवे, साबण, औषधं, असं काय काय. शेतावर एकटं पडलेल्या बायकांना दुकान दारात यायचं. रात्री ते शेतकऱ्याच्या परवानगीने कोपऱ्यात मुक्काम करायचे, आपलं आपण रांधायचे, आणि घरातली पोरं तिथे जाऊन गरम चपाती आणि रस्सा खायची. जुन्या शेतकरी कुटुंबांच्या आठवणींत हे पुन्हापुन्हा येतं. म्हणजे ह्या देशात 'इंडियन रेस्टॉरंट' येण्याच्या किती आधी रस्त्याच्या कडेला आपली चूल पेटलेली होती. रोड ट्रिपच म्हणायची ती. फक्त सुट्टीची नव्हती, जन्मभराची होती.

पूरन सिंगांनी वॉर्नाम्बूलच्या आसपास हा धंदा जवळजवळ पन्नास वर्षं केला. जून १९४७ मध्ये ते वारले. देश स्वतंत्र व्हायला दोन महिने उरले होते. दहन व्हावं आणि अस्थी गंगेत पोचाव्यात ही त्यांची इच्छा. वॉर्नाम्बूलला दहनाची सोय नव्हती, म्हणून अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या गायट कुटुंबाने देह मेलबर्नला पाठवून दहन करवलं आणि अस्थी परत आणल्या. पण पुढे न्यायला कुणी आलं नाही. ना ह्या कुटुंबाने त्या टाकून दिल्या. एक पिढी गेली, दुसरी आली, अस्थी वॉर्नाम्बूलमध्येच राहिल्या. तब्बल ६३ वर्षं! शेवटी इथल्या स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांमुळे ही गोष्ट बाहेर आली, ती ऐकून २०१० साली खुद्द कपिल देव वॉर्नाम्बूलला आले, आणि पूरन सिंग गंगेला पोचले.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला फेरीवाल्यापेक्षा गायट कुटुंबाचंच जास्त नवल वाटलं होतं. एका परक्या माणसाच्या शेवटच्या इच्छेची ६३ वर्षं राखण करणं सोपं नाही. पण मग दुसरी बाजूही दिसायला लागली. ज्या गावात माणूस अर्धशतक दारोदार फिरला, ज्याच्या हातची चपाती पोरांनी खाल्ली असेल, त्याच्या जवळचं म्हणावं असं कुणीच त्या वेळी गावात नव्हतं. देशाने त्याचा माल घेतला, चूल पेटवायला जागा दिली, पण त्याच्या माणसांना मोकळं दार दिलं नाही. चांगुलपणा एका घराचा होता. कायद्याचा नव्हता. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे मला वॉर्नाम्बूलने शिकवलं.

गेल्या खेपेला तिथल्या मोटेलच्या काउंटरवर एक पंजाबी मुलगा होता. शिकायला आलेला, रात्रपाळी करणारा. "दीदी, इथे बघण्यासारखं काय नाही, देवमासे बघायचे तर हिवाळ्यात या," म्हणाला. त्याला पूरन सिंगांची गोष्ट सांगितली. त्याने नाव दोनदा विचारून घेतलं आणि गाव कुठलं, जिल्हा कुठला, हे मोबाइलवर शोधत बसला. सकाळी निघताना म्हणाला, घरी फोन करून आजोबांना सांगितलं.

वॉर्नाम्बूलच्या पुढे टॉवर हिल नावाचा विझलेला ज्वालामुखी आहे आणि त्याच्या काळ्या मातीत वसलेलं कोरॉइट गाव. बटाटा आणि कांद्याचा मुलूख. इथे आयरिश येऊन राहिले. बटाट्यावरच्या रोगाने १८४५ नंतर मायदेशी लाखो माणसं उपाशी मेलेली, तेच लोक इथे येऊन पुन्हा बटाटाच लावत होते. बटाटा म्हटलं की आपल्याला वाटतं तो आपला. पण शब्दच पोर्तुगीज. पावही त्यांचा. म्हणजे वडापावातलं काय काय आपलं उरलं ते मोजायला बसलं तर बेसन आणि लसूण तेवढी हाती लागते. आणि उपासाच्या ताटात बटाटा, साबुदाणा, मिरची, शेंगदाणे! सगळी मंडळी समुद्रापलीकडून आलेली, आणि आपण त्यांना सोवळ्यात घेतलं.

आता ह्या सगळ्यांच्या आधीचं. पोर्ट फेअरीवरून थोडं आत गेलं की बज बिम. लाव्हारसाने बनलेलं खडकाळ, पाणथळ रान. इथे गुंडिच्मारा लोकांनी दगड रचून कालवे, बांध आणि सापळे बांधले, ते वाम मासे, म्हणजे ईल, अडवायला, वाढवायला आणि पकडायला. किती वर्षांपूर्वी? ६६०० वर्षांपूर्वी. पिरॅमिड तेव्हा व्हायचे होते. पूर आला की पाणी वळवायचं, मासा तळ्यात ठेवून मोठा करायचा, विणलेल्या लांब टोपल्यांत धरायचा, पोकळ झाडाच्या खोडात धुरी देऊन टिकवायचा. मत्स्यशेतीच ही. जवळ दगडी घरांचे अवशेषही आहेत. २०१९ साली युनेस्कोने ह्या जागेला जागतिक वारसा म्हटलं. केवळ आदिवासी संस्कृतीच्या मोलावर हा मान मिळालेली ऑस्ट्रेलियातली ही पहिली जागा. टे रॅक तळ्याकाठी गुंडिच्मारा लोकांचंच केंद्र आणि कॅफे २०२२ साली सुरू झालं. तिथे ईल खायला मिळतो. धुरकट, तेलकट, मऊ. आमच्या घरातल्या कोकणी माणसाने पहिल्या घासालाच पसंतीची मान हलवली. मी शाकाहारी, माझं समाधान चहावर आणि कालवे बघण्यावर.

इथे शाळेच्या पुस्तकांत कितीतरी काळ शिकवलं गेलं की हे लोक नुसते भटके होते, जमीन त्यांची नव्हतीच. तो समज कायद्याने मोडला १९९२ च्या माबो निकालात. आणि इथून जवळच, पोर्टलंडच्या किनाऱ्यावर 'कन्व्हिन्सिंग ग्राउंड' नावाची जागा आहे. १८३३-३४ च्या सुमारास एक देवमासा किनाऱ्याला लागला. तो खायचा हक्क आमचा, असं इथले लोक म्हणाले. आमचा, असं देवमाशांची शिकार करणारे गोरे म्हणाले. भांडणाचा शेवट गुंडिच्मारांच्या कत्तलीत झाला. ज्यांना पुढे 'येऊ नका' म्हटलं गेलं त्यांची गोष्ट मी सांगतेय खरी, पण ह्यांना तर स्वतःच्याच घरातून 'निघा' म्हटलं गेलं. ह्या रस्त्यावर आम्ही सगळेच नंतरचे, डिम सिमवालेही आणि थालीपीठवालेही, हे इथे उभं राहिलं की विसरता येत नाही.

पोर्टलंडहून पुढे राज्याची सीमा. साउथ ऑस्ट्रेलियात फळमाशी शिरू नये म्हणून बाहेरची फळं नेता येत नाहीत. रस्त्याकडेला फळं टाकायच्या कुंड्या असतात. आपल्या माणसाकडून अन्न टाकवतं का? गाडी बाजूला घेऊन आम्ही चौघांनी दोन किलो चेरी अलीकडेच संपवल्या. पुढचा तास कुणी बोललं नाही.

आणि सीमेचीच गोष्ट पुढे रोबला भेटते. रोब म्हणजे चिमुकलं बंदर. उन्हाळ्यात क्रेफिश खायला इथे झुंबड. व्हिक्टोरियात १८५१ साली सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं धावली. चीनच्या दक्षिणेतून आलेल्यांची संख्या वाढलेली बघून व्हिक्टोरियाने १८५५ साली कायदा केला. प्रत्येक चिनी माणसामागे दहा पौंड कर, आणि जहाजाच्या दर दहा टनांना एकच चिनी प्रवासी. मग जहाजवाल्यांनी शक्कल लढवली. सीमेपलीकडे रोबला उतरवायचं! १८५६ ते १८५८ ह्या काळात सोळा हजारांवर चिनी ह्या एवढ्याशा गावात उतरले, बहुतेक १८५७ मध्ये. तिथून सोन्याच्या खाणी चारशे किलोमीटर आणि पुढे. चालत! खांद्यावर बांबूची कावड, दोन्ही टोकांना टोपल्या, एका ओळीत शेकडो माणसं, वाटेत पाण्यासाठी विहिरी खणत. वाटाडे पैसे घेऊन सोबत निघायचे. १८५७ साली साउथ ऑस्ट्रेलियानेही कर बसवला आणि ही वाट बंद होत गेली. आज रोबच्या किनाऱ्याजवळ त्यांचं स्मारक आहे. तिथे उभं राहून मला आपली वारी आठवली, चालण्यामुळे. पण वारीत पुढे विठोबा उभा असतो हे नक्की असतं. ह्यांच्यापुढे काय उभं होतं?

जाताना ते चालले तोच मुलूख येताना आम्ही गाडीने चारेक तासांत कापतो. त्यांतली सातशेजणांची एक तुकडी १८५७ साली वाटेत थांबली आणि तिथल्या झऱ्यात त्यांना सोनं दिसलं. त्या जागेला 'कँटन लीड' नाव पडलं आणि तिथे अॅरारॅट शहर उभं राहिलं. चिन्यांनी वसवलेलं ऑस्ट्रेलियातलं एकमेव शहर असं ते अभिमानाने सांगतात आणि २००१ साली त्यांनी 'गम सान' नावाचं संग्रहालयही उभारलं. सोनं संपल्यावर पुष्कळ चिनी भाजीच्या मळ्यांकडे वळले. पाणी राखायचं, खत घालायचं, ताजी पालेभाजी पिकवायची, हे त्यांना येत होतं. भाजीवाला चिनी आणि गाठोडेवाला हिंदुस्थानी, दोघांवाचून गावाचं चालत नव्हतं. दोघांविरुद्ध सभाही त्याच गावांत भरत.

मग बॅलरॅट, मग आमचं मेलबर्न, आणि फेरा पुरा.

हे सगळं आता लिहावंसं का वाटलं? ३१ ऑगस्ट २०२५ ला इथल्या मोठ्या शहरांत स्थलांतराच्या विरोधात मोर्चे निघाले. त्यांच्या प्रचाराच्या पत्रकात भारतीयांचं नाव घेतलं होतं. मुद्दा असा, की शंभर वर्षांत जेवढे ग्रीक आणि इटालियन आले त्यापेक्षा जास्त भारतीय पाच वर्षांत आले. वाचून पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू. लेकीने विचारलं, "आई, म्हणजे आपण का?" २०२१ च्या जनगणनेत भारतात जन्मलेले पावणेसात लाखांच्या घरात होते, इंग्लंडखालोखाल सगळ्यात मोठा परदेशी जन्मलेला गट. तेव्हा हो, आपणच.

पण त्या पत्रकातली गंमत बघा. ग्रीक आणि इटालियन तिथे 'चांगले पाहुणे' म्हणून आले होते. त्याच ग्रीकांची दुकानं १९१६ साली कॅल्गुर्लीत जमावाने फोडली होती. तिथेच १९३४ साली इटालियनांची घरं जाळली गेली. आज त्यांच्या कॉफीशिवाय आणि तळणीशिवाय ह्या देशाची सकाळ होत नाही की शुक्रवार साजरा होत नाही. 'नको असलेला' माणूस 'आपला' व्हायला किती वर्षं लागतात त्याचा हिशेब मोर्चेवाल्यांना ठाऊक नसेल, पण फिश अँड चिप्सच्या दुकानातल्या फळ्यावर तो लिहिलेला आहे.

आणि बोट फक्त त्यांच्याकडे नको. आपल्या गणपतीत, कोजागरीला, पंचवीस वर्षांपूर्वी आलेली आपलीच मंडळी म्हणतात, "आता फारच यायला लागलेत हो, आमच्या वेळी दर्जा होता." म्हणताना हातात बटाटेवडा असतो. मी तिथे रोबची गोष्ट सांगते. कुणाला आवडते, कुणी विषय बदलतं.

जेवणाने माणसं जवळ येतात असं म्हणायची पद्धत आहे. मला आता तेवढं सरळ वाटत नाही. डिम सिम आवडला म्हणून दार उघडलं नाही. चपाती आवडली म्हणून पूरन सिंगांचं कुटुंब येऊ शकलं नाही. दार उघडायला कायदा बदलावा लागला, आणि कायदा बदलायला माणसांना भांडावं लागलं. पण जेवणाने एक होतं. नोंद राहते. कागदावरून नाव गाळता येतं, तोंडाची चव गाळता येत नाही. कुणी म्हणालं की तुम्ही कालचे, तर रस्त्यावरच्या कुठल्याही गावात थांबून दाखवता येतं की हे बघा, हा काल एवढा जुना आहे.

तर मंडळी, ह्या उन्हाळ्यात निघणार असाल तर फेरा उलटा करू नका, टॉर्कीकडूनच सुरू करा, म्हणजे समुद्र गाडीच्या बाजूला राहतो. एस्कीत ताक आणि बर्फ भरपूर घ्या. पराकोटीच्या उन्हाच्या दिवशी 'टोटल फायर बॅन' असतो, चूल-शेगडीचे नियम आधी बघून घ्या. चेरी सीमेआधी संपवा, पण चौघांत दोन किलो नको. बज बिमला अर्धा दिवस ठेवा. वॉर्नाम्बूलला मुक्काम करा, आणि मोटेलच्या काउंटरवर कोणी देशी मूल दिसलं तर त्याला जेवलास का विचारा. घरची लसणीची चटणी दिलीत तर नाही म्हणत नाहीत, स्वानुभव आहे.